इप्फाथाची खूण

१४ मार्च, रविवार

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. तू आणि वहिनी बरे असाल. काचेच्या कारखान्यात हातमोजे घालतोस ना? बोटांना पट्ट्या बांधल्या की तू तोतरा बोलतोस, अशी वहिनीची तक्रार आहे.

व्हिडिओवर बोलता येत असताना मी पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. तोंडाने मला थाप मारता येते, हातांनी नाही. माझे हात पाहिलेस की तू लगेच विचारशील, काय झालं? म्हणून आधी चर्चच्या गोष्टी.

आपल्या चर्चमध्ये आता तुझ्यासारखी, ऐकू न येणारी बरीच माणसं येतात. उपासना खुणांनी सांगायचं काम माझ्याकडे आलंय. तू शिकवलेल्या खुणांवर माझं दुकान चालू आहे! पण निम्मे शब्द आपण अर्थ न कळताच म्हणत आलोय. पुढच्या बाकावरच्या बहिऱ्या शिंपीणबाई मला मध्येच थांबवतात आणि विचारतात, "म्हणजे काय?" शेवटी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर शब्दांचा वर्गच सुरू केला. ते मूळ सांगतात, मी खुणांनी पोचवते, मग सगळे मिळून त्या शब्दाची खूण ठरवतात.

'आमेन'ला आम्ही नुसते हात जोडायचो. त्याचं मूळ हिब्रू: पक्कं असणं, भरवसा ठेवण्याजोगं असणं. आता तळव्यावर मूठ घट्ट रोवतो. 'होसान्ना'ला सगळे हसत हात हलवायचे. पाळकसाहेब म्हणाले, "मुळात ती विनवणी आहे. वाचव, आता वाचव. जयघोष नंतर झाला." शिंपीणबाईंचे हात हवेतच थांबले. "म्हणजे इतकी वर्षं मी बुडताना टाटा करत होते?" वर्ग हसून लोटपोट. कोपऱ्यातला एक माणूस मात्र हसला नाही.

दादा, तो माणूस म्हणजे बाबा.

आता सांगतेच. काही महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द फुटत नाही. अख्ख्या गायकवृंदाला ओरडून सुरात आणणारा माणूस आता पाणी हवं असलं तरी पेला वाजवतो. तुला कळवायचं नाही, असं आईने निक्षून सांगितलं. "कळवलं आणि तो आला नाही, तर ते मला सोसणार नाही."

तू का गेलास ते घरात कुणी बोलत नाही, आणि कुणी विसरलेलंही नाही. दर रविवारी बाबा तुझ्या कानांवर हात ठेवून 'इप्फाथा' म्हणायचे. मोकळा हो. कान मोकळे व्हायची वाट पाहत बसले आणि तुझी एकही खूण शिकले नाहीत. खुणा शिकणं म्हणजे विश्वास सोडणं, असं त्यांना वाटायचं. एका रविवारी तू त्यांचे हात बाजूला सारलेस आणि पिशवी उचललीस.

गेल्या रविवारी वर्गात नेमका तोच शब्द आला. माझे हात अडखळले. पाळकसाहेबांनी शुभवर्तमानातला तो भाग वाचला. शब्द अरामी, येशूच्या बोलीतला. लिहिणाऱ्याने तो तसाच ठेवला. "आणि बघा," ते म्हणाले, "हा शब्द उच्चारण्याआधी येशूने त्या बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेलं. कानांत बोटं घातली, जिभेला स्पर्श केला, वर पाहिलं, उसासा टाकला. त्या माणसाला कळेल असं सगळं आधी केलं. मग बोलला." दोन मुठी छातीपाशी धरून उघडायच्या, अशी खूण ठरली.

सगळे गेले तरी बाबा उठेनात. डाव्या हाताने माझी बाही ओढली, खिशातलं पाकीट काढायला लावलं. आत तुझा फोटो होता. तो तिथे असतो हे मलाही माहीत नव्हतं. फोटोवर बोट ठेवून त्यांनी प्रश्नाचा हात केला. मला कळेना. पुन्हा तेच, जरा चिडून. मग उमगलं. तुझ्या नावाची खूण विचारत होते.

मी गालातल्या खळीवर बोट टेकवून दाखवलं. त्यांनी टेकवलं, चुकीच्या गालावर. पुन्हा टेकवलं. वाटभर तेच चाललं होतं. आईने दार उघडलं, तर तिलाही करून दाखवलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

आज 'मारानाथा' होता. हाही अरामीच. शब्द कुठे तोडायचा यावर अर्थ ठरतो, असं पाळकसाहेब म्हणाले. एका ठिकाणी तोडला तर 'आमचा प्रभू आला आहे'. दुसऱ्या ठिकाणी तोडला तर 'हे आमच्या प्रभो, ये'. जाणकारांचंही एकमत नाही. मग खूण कुठल्या अर्थाची करायची? हात वर करून ठरवायचं होतं. 'आला आहे'ला भराभर हात वर गेले. आनंदाचा अर्थ आहे ना. 'ये'ला एकच, डावा हात. निकाल लागला, माणसं चपला घालायला लागली, तरी बाबांनी तो खाली घेतला नाही.

मला मत नव्हतं, मी फक्त खुणा सांगणारी. तरी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हात वर केला.

वहिनीला सलाम सांग. हे पत्र लिहिल्याचं आईला माहीत नाही. बाबांना माहीत आहे.

'ये' म्हणणाऱ्या दोघांतली एक,
तुझी धाकटी