काठावरची कुठं गेली?

कोल्हापूर, १४ जुलै

ती. अरुणा आत्ती यांस,
आदितीचा शि. सा. न. वि. वि.

चातुर्मासात लोक गूळ सोडतात, तूप सोडतात. तू मुनिमहाराजांसमोर दिवाळीपर्यंत मोबाईल सोडलास! तुझ्यापायी पाकीट घ्यायला पोस्टात गेले, तर तिथल्या काकांनी विचारलं, लग्नपत्रिका हाय काय.

बोर्डिंगचं जेवण बरं आहे. खोलीतली मोना गडहिंग्लजची, बोलून बोलून डोकं उठवते. कॉलेज मात्र कळेना. कुणी कुठल्या बाकावर बसायचं हे सगळ्यांना आधीच माहीत, मी रोज चुकते.

तुळसाची मालिका आठवते? ती नावेत बसली आणि वाहिनीनं मालिकाच बंद केली. तू टीव्हीला शिव्या घातल्यास. तुझ्याकडं अकरावी-बारावीला होते तेव्हापासून तिची पुढची गोष्ट मी एका ॲपवर लिहिते, टोपणनावानं. घरात कुणाला सांगितलेलं नाही, पप्पांना तर नाहीच. ‘काठावरची’ नावाची कुणी बाई प्रत्येक भागाखाली लिहायची. कौतुक कमी, भांडण जास्त. एकदा तर म्हणाली, तीन भाग झालं, पोरगी उपाशी हाय, आधी तिला जेवू घाल की. आता बाविसावा भाग टाकून आठवडा झाला, तिचा पत्ता नाही. माझं काय चुकलं असेल?

राग नाही, लोभच पाठव.
तुझी आदिती

वारणानगर, २२ जुलै

चि. आदितीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर कोंबडीचे पाय, पण वाचलं. मोबाईल कपाटात कुलपात ठेवलाय. जेवण झालं की हात आपोआप तिकडं जातो, मग लसूण निवडत बसते आणि मग आठवतं की लसूणही चालत नाही.

वाचणाऱ्याला शंभर कामं असतात, बाई. कुणी गप्प बसलं म्हणजे रागावलं असं नसतं. तू लिहीत राहा. बाकाचं म्हणशील तर पहिल्या बाकावर बस, तिथं कुणी भांडायला येत नाही. आणि आधी जेवत जा.

आहे ती माया वाढव.
अरुणा आत्ती

कोल्हापूर, २० ऑगस्ट

ती. आत्तीस सा. न.

कॉलेजच्या अंकासाठी मॅडमनी गोष्टी मागवल्या. मी बाविसावा भाग दिला. त्यांनी तो परत केला आणि वर्गासमोर, चांगल्या शब्दांत, विचारलं की दुसऱ्याची माणसं घेऊन लिहिलेलं तुझं कसं? मग स्वतःची माणसं घेऊन लिहायला बसले. एकही बोलेना. त्या म्हणतात ते खरं की दोन वर्षं मला वाटलं ते खरं, मला काही सुचत नाही. काठावरचीला विचारलं असतं. तीही गेली. तिला कळलं असेल, माझ्यात काही नाही.

पप्पा म्हणतात, फार्मसीची जागा पंधरा सप्टेंबरपर्यंत मिळते, गारगोटीचं आपलं औषधाचं दुकान आहेच. कॉलेजचा दाखला काढून चौदाला घरी येते. तू पप्पांशी भांडून मला आर्ट्सला घातलंस, रागावू नकोस. तेविसावा भाग लिहिलेला नाही. लिहिणार नाही.

आदिती

वारणानगर, ८ सप्टेंबर

चि. आदितीस आशीर्वाद.

आज क्षमावाणी. बस्तीत देवदर्शन झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांपुढं हात जोडले. बाळाबाईशी मी दोन वर्षं बोलत नव्हते, तिचीही क्षमा मागून आले. आता तुझी मागते. काठावरची मी आहे.

तुझा जुना मोबाईल मला दिलास, त्यात ते ॲप होतं. वाचलं आणि सुटेना. तू घरात लपवतेस हे दिसत होतं, म्हणून टोपणनावानं भांडत राहिले. महाराज म्हणाले, ज्यावाचून करमत नाही ते सोडा. गुळावाचून मला करमतं, तुझ्या तुळसावाचून करमत नव्हतं. म्हणून मोबाईल सोडला, आणि सोडताना तुझं काय होईल हे डोक्यातच आलं नाही. नियम माझा आणि उपास तुला घडला. जुलैतच सांगायचं होतं, लाज वाटली.

मॅडमचं मला कळत नाही. मी तीस वर्षं डेअरीत दूध तपासलं. म्हैस कुणाची ते बघितलं नाही, फॅट किती ते बघितलं. मालिकेतली तुळसा नुसती रडायची. तिच्या हातात वल्हं दिलंस ते तू.

दाखल्याचं मला ठरवता येत नाही. दादाचं, तुझ्या पप्पांचंही खोटं नाही. पण नियम मोबाईलचा आहे, कागदाचा न्हाय.

क्षमा करशील या आशेवर,
अरुणा आत्ती

कोल्हापूर, १२ सप्टेंबर

ती. आत्तीस सा. न.

उत्तम क्षमा! खरं तर दोन दिवस फार राग आला. माझं मनातलं सगळं तू वाचत होतीस, लाजेनं जीव जायची वेळ. मग तुझी सगळी भांडणं परत वाचली आणि इतकी हसले की मोना घाबरली. मग रडले.

चौदाला येत नाही. पप्पांना फोन केला, ते म्हणाले, बघ बाई. मॅडमचं बरोबर की तुझं, अजून कळत नाही. मीही बरोबर की चूक, कळत नाही. पाकीट जाड आहे, पोस्टातल्या काकांनी या खेपेला वजन केलं.

भांडण तेवढं चालू ठेव.
तुझी आदिती

ता. क. सोबत भाग तेविसावा, हातानं लिहिलेला. पहिलं वाक्य इथंच सांगते: नाव काठाला लागली आणि तुळसा आधी पोटभर जेवली.