आत्याचं नाव यादीतून कापल्याबद्दल

तीर्थस्वरूप आत्यास,

खाटेवर बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तुझ्या शिवणवर्गातली ती करकरणारी मशीन अजून तशीच का? मी बरा आहे. लॉजमधला पंखा बरा नाही (दुरुस्तीला माणूस सापडत नाही).

तुला वाटलं असेल, भाच्याचं सोमवारचं ईमेलपत्र बंद पडलं. तसं नाही. मीच तुला यादीतून काढून टाकलं. रागावण्याआधी पूर्ण वाच.

तुला माहीतच आहे, फिरत राहायचं, छत्रीवाला, कुलूपवाला असा एकेक दुरुस्तीवाला गाठायचा आणि दर आठवड्याला एकाची हकीकत पाठवायची, एवढाच माझा धंदा. वाचक वाढेनात म्हणून मी ‘नाव नोंदवा, छत्री जिंका’ काढलं. नऊशे नावं आली. छत्री एकाला मिळाली, बाकीचे जे रुसले ते आजतागायत एक पत्र उघडत नाहीत. (जिंकणाऱ्याची छत्री तिसऱ्या दिवशी मोडली. त्यावर झकास हकीकत लिहिली होती, ती तरी कोण वाचणार?) शेजारच्या खाटेवरचा निवृत्त विमावाला म्हणाला, बाबा रे, धंदा टिकवायचाय ना, मग ही खोगीरभरती काढ, सहा महिने उघडत नाही तो गेला समज. मी एका बैठकीत सगळे कापले. फार हलकं वाटलं. पंखा तेव्हाच बंद पडला, पण ते असो.

पंधरवड्याने चेनवाल्याचा फोन. (हा पिशव्या-कपड्यांच्या चेना पोस्टाने पाठवतो. माझ्या पत्राखाली त्याची जाहिरात असते, तिच्यावरच माझं फिरणं चालतं.) म्हणाला, “तुझी यादी स्वच्छ झाली, माझं दुकानही स्वच्छ झालं की रे! त्या शिवणाच्या बाई तुझं पत्र वाचून दाखवायच्या, वर्गातल्या बावीस जणी चेना मागवायच्या. सगळ्या एकदम गप्प कशा?” कापलेल्यांची यादी काढली, तर वरूनच तिसरं नाव तुझं. पत्र उघडल्याची खूण आतल्या चित्रावरून कळते, आणि तू डोळ्यांना त्रास नको म्हणून चित्रं बंद ठेवतेस, त्यामुळे माझ्याकडे तुझं एकही पत्र उघडलेलं दिसत नव्हतं. म्हणजे मी मेलेली धरली ती एक आत्या (शंभर वर्षं जग), आणि गेले बावीस वाचक.

महिनाअखेर मागणी आली नाही तर जाहिरात बंद, आणि मला दादाच्या गोदामात पोती मोजायला बसावं लागेल. तू मला ओळखतेस. पोतीसुद्धा कंटाळून चालू लागतील. आता नियम केलाय, कापण्याआधी विचारायचं. विमावाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, हे तर मी आधीच सांगणार होतो.

तुझा,
तोच

ता. क. : मागच्या बाजूला संकेतस्थळाचा पत्ता लिहिलाय, तिथे नाव पुन्हा नोंदव (एकदा कापलेलं नाव मला परत घालता येत नाही). चित्रं बंदच राहू देत, डोळे आधी.

ता. क. २ : नोंदवल्यावर ‘छत्री मिळेल’ असं येईल. मिळणार नाही. ते पान मला पुसता येत नाही.

ता. क. ३ : शनिवारी येतोच आहे. माझ्या स्वतःच्या पिशवीची चेन सहा महिने तुटलेली आहे, सुतळी बांधून फिरतो (दुरुस्तीवरचं पत्र काढणाऱ्याने हे बोलू नये). बसवून देशील? चेन मात्र त्याच्याकडूनच मागव. तेवढीच एक मागणी जाईल.