आलं का?

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ८.१०
काल अकराला मुलीचा व्हिडिओ कॉल लागला नाही. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात लाल फुली. वायर जोडलेली नाही, असं त्याचं म्हणणं. वायर जोडलेली आहे. मला समोर दिसते आहे.
मुलगी मग घरच्या फोनवर बोलली. म्हणाली, बाबा, आपलं ठरलं होतं. दर रविवारी अकराला तुम्ही स्क्रीनवर दिसलात तर तुम्ही एकटे राहू शकता, असं मी धरणार. हा रविवार गेला. पुढचाही गेला तर सोमवारी मामा गाडी घेऊन येईल.
मामा म्हणजे माझे मेहुणे. माणूस सज्जन. पण त्यांच्याकडे टीव्ही सकाळी सहाला लागतो आणि ते टीव्हीपेक्षा मोठ्याने बोलतात.
चिंतेचं कारण नाही. कारखान्यात एकतीस वर्षं मीटर तपासले. ही तर एक वायर. आजच्या आज लावून टाकतो.
नोंद: परवा शनिवारी हिची खोली बंद केली. आत धूळ जाऊ नये म्हणून. दुसरं काही नाही. बटणं बंद, दार बंद, किल्ली खिशात. खोली सोडताना बटण बंद, हा नियम या घरात मीच आणला.

मंगळवार, ५ नोव्हेंबर. दुपारी १२.३०
काल जमलं नाही. डोळे दुखत होते.
आज माझा खास उपाय केला. वायर काढायची, टोकावर फुंकर मारायची, परत खुपसायची आणि पाच मिनिटं हाताची घडी घालून बसायचं. हा उपाय आजवर एकदाही चुकलेला नाही. चौथ्या मिनिटाला ही आतल्या खोलीतून विचारायची, आलं का? मी म्हणायचो, आणलं!
आज वीस मिनिटं बसलो. आलं नाही. फुंकर कमी पडली असावी.

बुधवार, ६ नोव्हेंबर
कंपनीला फोन. बावीस मिनिटं गाणं ऐकलं. मग बाई आल्या. म्हणाल्या, सर, राउटरवर दिवे आहेत का? आहेत, चार हिरवे. बाहेरच्या खोलीत. मग सर, तिथून वायर कुठे जाते? म्हटलं, भिंतीत. भिंतीतून कुठे जाते सर? म्हटलं, मागच्या खोलीत, कॉम्प्युटरला. आणखी कुठे जाणार? बाई उद्या माणूस पाठवतो म्हणाल्या.
माझ्या अनुभवापुढे हरल्या असाव्यात.

गुरुवार, ७ नोव्हेंबर. सायंकाळी
माणूस आला. चष्मेवाला, दमलेला. वायरीचा माग काढत हिच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि थांबला. म्हणाला, काका, वायर इथे आत जाते आणि पलीकडून बाहेर निघते. मध्ये कुठे स्विच आहे का?
म्हटलं, घरात सव्वीस स्विच आहेत आणि सगळे वेळेवर बंद होतात.
तो म्हणाला, तसा नाही हो काका. नेटच्या वायरी जोडायची छोटी पेटी असते. आत बघू द्या, दोन मिनिटं.
म्हटलं, आत काही नाही. शिलाईचं मशीन आहे.
म्हणाला, काकूंना विचारता का?
मी पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा तो कागदावर लिहीत होता. नंतर वाचलं. ‘ग्राहकाने खोली उघडू दिली नाही.’
भाषा उद्धट आहे. तक्रार करणार आहे. नंतर.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
नवा विचार. भिंतीच्या भानगडीत पडायचंच नाही. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत नवी वायर, जमिनीवरून, स्वयंपाकघराला वळसा घालून. दुकानदार म्हणाला, किती मीटर? मोजून सांगा. म्हटलं, मोजमापात आयुष्य गेलंय. वीस द्या.
वायर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरली. हिच्या खोलीतून सरळ नेली असती तर उरली असती. पण तसं नेणार नाही.
शेजारच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या, त्या वायरीत अडकल्या. म्हणाल्या, भावजी, कपडे वाळत घालायचे तर जरा वर तरी बांधा. मग म्हणाल्या, खोली बंदच ठेवलीत का? मी साखर जास्तच दिली.

शनिवार, ९ नोव्हेंबर
उपाय अकरा वेळा. तोंड कोरडं पडलं.
मेहुण्यांचा फोन. म्हणाले, दाजी, तुमची खाट खिडकीशी लावली आहे. टीव्ही समोरच येतो.
माळ्यावरून बॅग काढली. फक्त पुसायला. पुसली. उघडीच राहिली आहे.
मला हे घर सोडायचं नाही. तिथे भिंतीपलीकडून कोण काय विचारणार?

रविवार, १० नोव्हेंबर. सकाळी १०.२०
शेवटचा मार्ग. जुनी वायर कापून नवीला जोडायची. कात्री हिच्या मशीनच्या खणात. फक्त कात्रीपुरतं आत जायचं. इकडे तिकडे बघायचं नाही.

१०.५०
आत गेलो. अंधार. बोर्डावरची सगळी बटणं लावली. मशीनच्या मागे काहीतरी हिरवं लुकलुकलं.
छोटी पेटी. दोन्ही बाजूंनी वायर. वर चिकटवलेली चिठ्ठी, अक्षर हिचं, मुलीसाठी असावी. ‘नेट गेलं तर हे बटण बंद करून दहा मोजणे, मग चालू करणे. मग विचारणे, आलं का. ह्यांना सांगू नये.’
मशीनवर हिचा चष्मा आहे. धूळ नाही.

दुपारी १२.१५
कॉल लागला. मुलगी म्हणाली, बाबा, कोणी दुरुस्त केलं? म्हटलं, मी, पद्धतशीर तपासणीनंतर. ती म्हणाली, आईची खोली उघडलीत ना? मी म्हटलं, थांब, तुला एक चिठ्ठी दाखवतो. आत गेलो, चिठ्ठी सोडवून घेतली, निघताना बटणं बंद केली. शिस्त.
परत आलो तर मुलगी तोंड उघडं ठेवून गोठलेली. लाल फुली.
वायर काढली, फुंकर मारली, खुपसली, हाताची घडी घातली. चौथ्या मिनिटाला उठलो. आत गेलो. बटण लावलं. दहा मोजले, पंधरा मोजले. मग तिथूनच, का कोण जाणे, विचारलं, आलं का?
मागच्या खोलीतून मुलीचा आवाज आला. आलं, बाबा. आता त्या बटणाला हात लावू नका.
मामा उद्या येणारच आहेत. न्यायला नाही. बटणावर चिकटपट्टी लावायला.
दार उघडं आहे. बटण चालू आहे. वीज वाया जाते आहे. जाऊ दे.