ढगाला हात लावू नकोस

प्रिय खारू,

पत्र बघून तुझ्या कपाळावर आठी पडेल, ती पडू दे. चार महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा उद्योग. यात सल्ला एकही नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तर बातमी अशी, की तुझी आई शाळेत जाऊ लागली आहे. दर शनिवारी सकाळी, वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत, लहान मुलांसाठी गोष्टी लिहायला शिकते. आम्ही सात जण, सगळे पिकल्या केसांचे, आणि खुर्च्या पाच वर्षांच्या मुलांच्या. गुडघे हनुवटीला टेकतात. शिकवणाऱ्या बाईंनी जन्मभर मुलांचं मासिक काढलं. त्यांची पेन्सिल लिहिण्यापेक्षा खोडण्यातच झिजते. खिडकीतलं ऊन भिंतीवरच्या कागदी माशांवरून हळूहळू सरकत जातं, आणि मला मधेच वाटतं, आता मधली सुट्टी होईल नि तू डबा घेऊन दारात उभी असशील.

माझी गोष्ट ढगाची आहे. आठवतं? साडेचार वर्षांची तू, गच्चीवर धुक्यात उभी राहून म्हणालीस, आपल्या दोरीवर ढग अडकलाय. मी चादर झटकली आणि सर्दी होईल म्हणून तुला खाली आणलं. तो ढग इतकी वर्षं माझ्या डोक्यात तसाच लटकून होता. गोष्टीतल्या मुलीला तो सापडतो, ओलाचिंब, भेदरलेला. त्याला सोडवून वर पाठवायचं असतं. मी लिहिलं, आई आली, तिने काठीने ढग सोडवला आणि सगळे सुखी झाले. बाई म्हणाल्या, पहिल्याच पानावर गोष्ट आटोपली, आता मुलीने काय टाळ्या वाजवायच्या? मुलांच्या गोष्टीत मोठ्यांना आधी वाटेतून दूर करावं लागतं म्हणे.

मग मी आईला कामावर पाठवलं. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून परत. माहेरी धाडलं, तर पुढच्या गाडीने हजर. शेवटी तिचा पाय मुरगळला, तरी बाईसाहेब लंगडत जिना चढल्या, काठी हातात होतीच. जित्याची खोड!

दातांच्या दवाखान्यात माझं काम तेच, नावं लिहायची आणि नंबर येईपर्यंत मुलांना थोपवून धरायचं. आता मी त्यांना गोष्ट वाचून दाखवते. बाईंनी सांगितलंय, मुलांच्या तोंडाकडे बघू नका, ती भिडेखातर हसतात, पायांकडे बघा. बाकावरून लोंबणारे पाय हलायचे थांबले की गोष्ट लागली म्हणायची. ढग सापडतो तिथे पाय थांबतात. आई आली की सगळे पुन्हा हलू लागतात. परवा गाल सुजलेल्या एका मुलीने, तोंड उघडवत नव्हतं तरी विचारलं, ही आई जाते कधी?

मी हसले, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. तू नोकरी सोडून लाकडी खेळणी करायला घेतलीस, आणि मी तुझ्या जुन्या साहेबांना फोन करून तुला परत घ्या म्हणून गयावया केली, तीही तुझ्या पाठीमागे. तुझ्या भल्यासाठी, असं म्हणत राहिले. खरं तर मी घाबरले होते गं. चुकलं माझं.

परवाच तुझी मावशी म्हणाली, करवतीने तुझं बोट कापलंय आणि खेळणी पडून आहेत. मी लगेच उद्याच्या गाडीचं तिकीट काढलं. पिशवीत मलम, पट्ट्या आणि तीन दुकानदारांचे पत्ते भरले. आज वर्गातून आले आणि गोष्ट पुन्हा लिहायला बसले. या वेळी आईला कुठेच पाठवलं नाही. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसते, काठी मांडीखाली दाबून. वर मुलगी दोरीशी झटते, दोनदा पडते, आईला सगळं ऐकू येतं. ती उठत नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली. मग मुलगी खाली येते, फ्रॉक चिंब, हात रिकामे, आणि आई काही न विचारता जरा सरकून बसते. गोष्ट संपल्यावर मी पिशवी उपसली, तिकीट रद्द केलं. मी येत नाही, खारू, एवढंच सांगायला हे पत्र. तुला यावंसं वाटलं, तर पायरीवर जागा आहे.

जिन्यात बसलेली,
तुझीच
आई