मोहफुलांचा केक

मंगळवार, दिवेलागण

वही उघडायला चार दिवस उशीर झाला, माफी असावी. हात आधी कामात होते, आज भीतीने थांबले.

शनिवारी आर्णीहून लेकीचा, सुनंदाचा फोन आला. सहावा महिना चालू आहे, डोहाळे लागलेत. "बाबा, आईसारखा चॉकलेटचा केक खावासा वाटून राह्यला." तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. पण तिचा केक मला पाठ आहे. कुकरमध्ये मीठ तापवायचं, शिट्टी काढायची, कोकोच्या पिठात भिजवून वाटलेली मोहफुलं घालायची. केला. काल एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिला.

आज शेजारची कमलवहिनी कुकरातलं करपलेलं मीठ पाहून हसली, "भाऊजी, तुम्ही अन् केक!" मग मोहफुलांचं ऐकलं आणि तिचं हसू गेलं. "पोटुशीले मोह? गरम असते ना जी. काहून टाकलं?"

सुनंदाचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुपारपासून फोन लावतो आहे. तिचा बंद, जावयाचाही बंद. खरंच गरम असतं का? की वहिनी उगाच...

ते मीठ अजून कुकरातच आहे. हात लावावासा वाटत नाही. त्याच्याकडे पाहता पाहता आठवलं, सुनंदा पोटात होती त्या वर्षी हिने केक केलाच नव्हता. का, ते मी कधी विचारलं नाही.

पोरी, बोलू नको हवं तर. नुसता मिस कॉल दे. लवकर दे.