भाऊजींचं पान कुठं वाढायचं

१९ ऑगस्ट
अस्मी आली! माझी नात. येष्टीतून उतरली ती थेट गळ्यात. वाळली हाय लई, पर हासली की घर उजळतं. पुण्याला हाडांचं शिकते. नुसत्या हाडावरून माणूस कोन हुता ते सांगायचं. शेजारची सरू म्हनली, "पोरीला दुसरं काय मिळालं न्हाई व्हय शिकायला?" मी म्हनलं, तुझी आधी बारावी तरी होऊ दे.
हासले आन् लाज वाटली. घरात असं झालंय. धरणातून पानी सोडलं तवा धाकटे दीर, रंगनाथ भाऊजी, नदीवरची मोटार काढायला गेले. मोटार वर आली. भाऊजी न्हाई.

२३ ऑगस्ट
गडीमानसं पार प्रवरासंगमापर्यंत बघून आली. बंधारा बघितला, पुलाचे खांब बघितले. माझी धाकटी जाऊ शांता, भाऊजींची बायको, रोज कुंकू लावून ओसरीवर बसती. भावकी म्हनती, पिठाचा पुतळा करून अग्नी देऊ. ती म्हनली, "पिठाला जाळून मी बांगड्या फोडायची न्हाई."
अस्मीला शेंगुळे केले. दोनदा मागून घेतले.

२८ ऑगस्ट
पानी उतरलं. वाळूत हाडं घावली. पुतण्यानं, शांताच्या पोरानं, उपरण्यात बांधून आणली. एकच रडारड. शांतानं बांगड्या फोडायला दगड उचलला. अस्मीनं तिचा हात धरला.
"धाकटी आजी, थांब. हे भाजलेलं हाड आहे. पांढरं पडून तडकलंय बघ. पाण्यात बुडालेल्याचं असं होत नाही."
कुनाच्या तरी अस्थी. आमच्याकडं सगळे नदीत तिथंच सोडतात, वरच्या गावाचे बी. आमच्या सासूबाईंच्या तिथंच. कोन जाने आमी कुनाला धरून रडलो.
शांता परत कुंकू लावून आली. मला मेलीला तेवढ्यात पोरीचं कौतुकच वाटत हुतं. रातच्याला मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढली.

५ सप्टेंबर
अस्मी नदीच्या वळणावर हिंडून आली. म्हनली, "आजी, सगळे खाली शोधतायत. पूर वळणावर रानात घुसला होता. तिथं पाणी मंद होतं, आणलेलं टाकून जातं. मग कुत्री, कोल्ही ओढतात, ती कोरड्याकडं." वळणावर कुनाचं रान? आमचंच. ऊस डोक्याच्या वर गेलाय. पोरं जाऊन आली, पर पानी साचलेलं, पाचट, साप. चार सऱ्या बघितल्या आन् माघारी.
शांताला सांगितलं न्हाई. तिनं ऐकलंच असंल.

१२ सप्टेंबर
काय लिहू. आमच्याच कुत्र्यानं उसातून हाड आणून अंगणात टाकलं. अस्मीनं वाकून बघितलं. मग हळूच, "हे माणसाचं आहे." न भाजलेलं.
पोलीस घेऊन गेले. तपासणीला जायचं. शांताच्या पोराचं रक्त घेतलं. कधी कळंल? "येईल रिपोर्ट." ऊस बघायला बी मानसं देतो म्हनले, चिखल वाळल्यावर. न्हाईतर मग तोडीलाच कळायचं. कारखाना दिवाळीनंतर सुरू व्हायचा.
शांता कुत्र्याला मारायला धावली आन् अर्ध्यातच खाली बसली.

१६ सप्टेंबर
अस्मी गेली. लाडू दिले बांधून. म्हनली, "मी पुस्तकात वाचलं होतं गं आजी. आपल्या घरचं वाचलं नव्हतं." लई रडली. लहान हुती तवा भाऊजींच्याच खांद्यावर बसून बाजारला जायची.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
खीर, वडे, कढी. सासूसासऱ्यांचं पान पत्र्यावर ठिवलं. भावकी म्हनली, रंगनाथाचं बी ठिवा. शांता म्हनली, "त्यांचं आत वाढा. पाटावर."
वाढलं. ती पानाशेजारी बसली. माश्या वारत हुती. खीर गार झाली, वर साय धरली. रोज नवऱ्याच्या मागं त्याच ताटात जेवायची. आज बोट लावलं न्हाई. बाहेर कावळे वरडत हुते.
लई येळानं माझ्याकडं बघितलं.
"आक्का, हे आता मी खाऊ, का बाहेर ठिवू?"
मी जाऊन तिच्याजवळ बसले.