बोआलाचा सोन्याचा दात

प्रिय तगर,

तुझे ज्येष्ठ बंधू, पटगीतरचनाकार अनादि चित्रकर, यांची प्रकृती उत्तम असून परवापासून मात्र ते रस्ता दोनदा निरखल्याखेरीज दाराबाहेर पडत नाहीत. कारण तुझा मासा.

चौकट-चौकट उलगडत गाऊन दाखवायच्या मत्स्यविवाहाच्या पटाचे गाणे माझे, चित्रे तुझी, ही आपली सनातन श्रमविभागणी. गाण्यात बोआल, तो रुंद जबड्याचा दांडगा मासा, वऱ्हाडी होऊन येतो आणि लग्नघरातले लहान मासे गिळतो. आजोबांपासून कोणी हरकत घेतली नाही. त्या जबड्यात तू सोन्याचा दात बसवलास. मी त्यावर अवाक्षर रचले नव्हते. परंतु हाटात शेवटच्या चौकटीवर बोट ठेवले मात्र, कडवे उच्चारण्याआधीच मासळीवाल्या मावश्या तोंडाला पदर लावून खिदळल्या. गावाची तळी एकेक करून गिळणाऱ्या हलदारबाबूंचा दात सर्वांनी ओळखला.

दुसऱ्याच सकाळी त्यांचा गडी पांचू दारात. “दादा, बाबू विचारतायत, हा मासा कोण?”

“मासा हा मासाच रे, बाबा.”

“मग तसं लिहा की चित्राखाली!”

भयाने मनुष्याची बुद्धी जाते. भाषा मात्र राहते. मी सुवाच्य अक्षरांत लिहिले: ‘हा मत्स्य म्हणजे श्रीयुत हलदार नव्हेत.’ पांचूने पट भर चौकात टांगायला लावला. चहावाला हरिपद ओरडला, “बरं झालं लिहिलंत, दादा! आम्ही नुसताच मासा समजत होतो!”

जन्मभर मी चित्राला गाण्याची दासी मानले. त्या दासीने एका दाताने सगळे सांगितले, आणि तिला वाचवायला निघालेल्या माझ्या अक्षरांनी तिलाच पकडून दिले.

सुदाम कोळ्याचा उजवा हात आठवतो ना? त्याने तळ्यासाठी नुसता अर्ज केला होता. तेव्हापासून तो डाव्या हाताने जेवतो.

काल बाबू स्वतः आले. “काढलं कोणी?” मी म्हणालो, “मी.” ते हसले. तो दात मी प्रथमच इतक्या जवळून पाहिला. तू फार हुबेहूब काढला आहेस. “मग सोमवारी चार माणसांसमोर काढून दाखवा, दादा.”

तगर, मी जन्मात मासा काढलेला नाही. कोलकात्याची जत्रा संपली तरी तू इकडे फिरकू नकोस, हे सांगण्यासाठी लिहितो आहे. आणि एक विचारण्यासाठी. पत्र आणणाऱ्या बसकंडक्टरच्या हातीच उत्तर धाड: बोआल डोळ्यापासून सुरू करतेस, की शेपटीपासून? दात तेवढा मला जमेल.

तुझाच, यमकांपुरता शूर,
अनादिदादा